मांडीवर घट्ट धरलेलं बाळ खरंच धरून राहतं का?

कोलशेतकरीण | शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, पण उत्तर शास्त्रीय हवंय, म्हणून इथे टाकतेय.

लेक अकरा महिन्यांची, वजन साडेनऊ किलो. दर शनिवारी आम्ही कोलशेतहून नेरूळला नणंदेकडे जातो. सासूबाई मागे बसतात, नात मांडीवर. महिन्यापूर्वी मी बाळाची सीट आणली. लेकीला तिच्यात बसवलं की ती कळव्यापासून जो टाहो फोडते तो विटाव्याच्या पुलाखाली गाडी अडकली की टिपेला पोचतो. मग आई, म्हणजे सासूबाई, कासावीस. "दे गं इकडे. चार बाळंतपणं निस्तरलीत मी, हातातून कधी कपबशी निसटली नाही, नात निसटेल होय?" नवरा गप्प. आरशात एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत गाडी चालवतो.

आजही सीट रिकामी गेली आणि लेक मांडीवर.

आमची गाडी ४०-५० च्या वर जात नाही, ठाणे-बेलापूर रस्त्यावर जाऊच शकत नाही. एवढ्या वेगाला खरंच काही होतं का? कोणी मोजलंय का हे, की सीट विकणाऱ्यांनी घातलेली भीती? पुतळे बसवून गाड्या आदळतात ते व्हिडिओ पाहिलेत. पण पुतळ्याला किती लागलं म्हणजे माणसाला किती लागलं, हे ठरवलं कोणी?

चिवडा | रात्री १०:३१

नवरा गप्प, हे सगळ्यात शास्त्रशुद्ध धोरण. त्यावरही संशोधन व्हावं.

जाणकारांच्या प्रतीक्षेत, जागा धरून ठेवतो. घट्ट.

अण्णा_नौपाडा | रात्री १०:४८

मी १९८५ पासून गाडी चालवतो. पद्मिनीत आम्ही सात जण, दोन मुलं मांडीवर, एक पुढे गिअरजवळ उभं, असे नौपाड्याहून गणपतीपुळ्याला जायचो. कशेडी घाट, रात्रीचा प्रवास, सगळं केलं. पट्टा नव्हता, फुगा (एअरबॅग) नव्हता. ती मुलं आज पोरांचे बाप आहेत. हल्ली सगळ्याचीच भीती विकतात. पत्रा जाड होता तेव्हाचा, आत्ताच्या गाड्या अंगठ्याने दाबल्या तरी पोचा येतो. आजीच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, ताई.

यंत्रवत | रात्री ११:१५

अण्णा, आदर आहेच. पण आकडे मांडून बघू, फार अवघड नाहीत.

ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. याच वेगाने जमिनीवर आदळायचं तर साधारण १० मीटरवरून पडावं लागेल, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. तिसऱ्या मजल्यावरून पडताना "मी बाळाला घट्ट धरेन" असं कोणी म्हणणार नाही. गाडीत बसल्यावर मात्र म्हणतो, कारण गाडीत पडल्यासारखं वाटत नाही.

आता गाडी भक्कम अडथळ्यावर आदळली आणि तिचं नाक ६० सेंटिमीटर चेपलं असं धरू. थांबायला लागले सेकंदाचे ८६ हजारांश. या वेळात सरासरी १६ जी, म्हणजे प्रत्येक गोष्ट आपल्या वजनाच्या सोळापट जोराने पुढे ओढली जाते. साडेनऊ किलोची लेक दीडशे किलोच्या वर. सिमेंटच्या तीन गोणी, अचानक, हातात. आणि ही सरासरी झाली, मधला झटका याहून मोठा असतो.

तेही आईंनी स्वतः पट्टा लावला असेल तर. नसेल तर त्यांचं ६० किलोचं शरीर जवळपास एक टनाचा जोर घेऊन पुढे येतं, आणि त्यांच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये कोण असतं ते मी लिहीत नाही.

कोलशेतकरीण | रात्री ११:२२

आई पट्टा लावत नाहीत. मागे पट्टा असतो हेच मुळात घरात कोणाला ठाऊक नाही.

अण्णा_नौपाडा | रात्री ११:४०

हिशेब समोर भिंत धरून केलाय. भिंतीवर कोण जाऊन आदळतं? आणि जाड पत्र्याचं काय?

यंत्रवत | रात्री ११:५८

रस्त्यावर भिंत नसते, समोरून येणारा तेवढ्याच वजनाचा आणि वेगाचा टेम्पो असतो. हिशेब तोच येतो.

जाड पत्र्याबद्दल: गाडी चेपली नाही तर थांबायला अंतर मिळत नाही, मग तो झटका आतल्या माणसाच्या वाट्याला येतो. नाक मऊ आणि बसायचा पिंजरा कणखर, ही कल्पना बेला बारेन्यी या मर्सिडीजच्या अभियंत्याची, १९५१ च्या सुमाराची. पुढचा भाग भजीसारखा चुरगळला, दार मात्र हाताने उघडलं, अशी गाडी बघून लोक म्हणतात "काय भिकार पत्रा!" खरं तर तिने काम चोख केलेलं असतं. उलट पिंजराच वाकला तर काळजी करावी.

चिवडा | रविवार, सकाळी ७:५०

आमच्या घोडबंदरला गाडी वेगात येण्याची भीतीच नाही. कापूरबावडी ते गायमुख एका तासात. या वेगाला बाळ मांडीवर, ताट मांडीवर, लॅपटॉप मांडीवर, काहीही चालेल.

पामबीच | सकाळी ८:३०

@चिवडा, हसू आलं, पण तो रस्ता रात्री साडेअकराला बघ. आमचा पामबीच तर दिवसाही मोकळा असतो.

माझी गोष्ट. सानपाड्याच्या सिग्नलला लाल दिवा, मी उभी, मागच्याला वाटलं मी पिवळ्यात काढेन. त्याने ठोकलं. वेग ३० सुद्धा नसेल. बंपर गेला, मला खरचटलंही नाही. तिसऱ्या दिवशी मान वळेना. डोक्यामागची उशी मी सगळ्यात खाली ठेवलेली, आंबाडा अडकतो म्हणून. फिजिओ म्हणाली, पाठ सीटबरोबर पुढे गेली, डोकं मागे राहिलं, मानेचा झाला चाबूक. चार महिने उशीशिवाय झोपले. उशी कानांच्या वर पोचेल एवढी उंच आणि डोक्याच्या जितकी जवळ होईल तितकी जवळ ठेवा, बायांनो. आंबाडा सोडा.

गोष्टीवेल्हाळ | सकाळी १०:०५

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग कोणी घेतला नाही: हे ठरवलं कोणी? माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे लांबण लागणार. चहा घेऊन बसा.

सुरुवात पडण्यापासूनच होते, @यंत्रवत. ह्यू डीहेवन नावाचे गृहस्थ पहिल्या महायुद्धात वैमानिकाचं शिक्षण घेताना विमानाच्या टकरीतून वाचले. मी का वाचलो, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. १९४२ मध्ये त्यांनी ५० ते १५० फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास छापला. म्हणजे आपल्याकडच्या टॉवरचा पाचवा ते पंधरावा मजला. कोण मऊ मातीत पडलं, कोण कशावर आपटून. निष्कर्ष असा, की उंची मारत नाही, थांबण्याची पद्धत मारते. जोर शरीरभर पसरला आणि थांबायला काही इंच जास्त मिळाले तर माणूस अशक्य वाटणारा मार सोसतो.

मग जॉन स्टॅप, अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर. त्या काळी समजूत अशी की १८ जी च्या पुढे माणूस जगत नाही. यांनी रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर स्वतःलाच बांधून घ्यायला सुरुवात केली. १० डिसेंबर १९५४ ला न्यू मेक्सिकोतल्या होलोमन तळावर ताशी १,०१७ किलोमीटर गाठले आणि साधारण १.४ सेकंदात थांबले. ४६ जी! डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेना, आधीच्या फेऱ्यांत बरगड्या आणि मनगट मोडून झालेलं होतंच. पण जगले, ८९ वर्षांचे होऊन १९९९ मध्ये गेले. त्यांच्या लक्षात आलं की हवाई दलाची माणसं विमानापेक्षा मोटारीत जास्त मरताहेत. मग मोटारींच्या मागे लागले. त्यांच्या नावाची परिषद आजही भरते.

तिसरं ठिकाण डेट्रॉइटचं वेन स्टेट विद्यापीठ. १९३९ पासून मेंदूचे शल्यविशारद गर्जियन आणि अभियंता लिसनर, दोघं मिळून कवटी किती जोराला तडकते ते मोजत होते. मृतदेहांवर. त्यातून एक वक्ररेषा निघाली: अगदी क्षणभर असेल तर डोकं भरपूर झटका सोसतं, तोच झटका रेंगाळला तर कमी सोसतं. आज चाचणीतल्या पुतळ्याच्या डोक्याला जो आकडा देतात, त्याचं मूळ तिथे आहे. तिथलेच प्राध्यापक लॉरेन्स पॅट्रिक सुमारे ४०० वेळा स्वतः घसरगाडीवर बसले. छातीवर लंबक आपटून घेतला तो वेगळा.

चकली | सकाळी १०:२२

मृतदेहांवर??? पोहे खात वाचत होते मी. रविवार आहे हो.

गोष्टीवेल्हाळ | सकाळी १०:३०

आधी सांगायला हवं होतं, चुकलो. पण तेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. जिवंत स्वयंसेवक दुखापत होईपर्यंत जाऊ शकत नाही, आणि पुतळ्याला स्वतःहून काही कळत नाही. बरगडी किती सेंटिमीटर दबल्यावर मोडते हे कुणाच्या तरी बरगडीनेच सांगावं लागतं. वेन स्टेटच्याच अल्बर्ट किंग यांनी १९९५ मध्ये हिशेब मांडला होता की या देहांमुळे झालेल्या सुधारणांनी वर्षाला सुमारे ८,५०० जीव वाचतात.

चकली | सकाळी १०:४१

म्हणजे दधीची ऋषीच. त्यांनी वज्रासाठी हाडं दिली, यांनी पट्ट्यासाठी.

माझ्या आजोबांनी देहदान केलं होतं. आम्ही घरचे तेव्हा कुरकुरलो होतो. पोहे थंड झाले, असू दे.

हाडवैद्य | दुपारी १:१०

नवी मुंबईत हाडांचा डॉक्टर आहे. टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते लिहितो.

पट्टा लावलेला माणूस येतो तेव्हा खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका निळा वळ असतो, कधी गळ्याजवळचं हाड किंवा बरगडी मोडलेली. तो वळ बघून घरचे पट्ट्याला शिव्या घालतात. मी मनात पट्ट्याला नमस्कार करतो, आणि पोटातल्या इजेसाठी तपासणीही सांगतो. पट्टा कमरेच्या हाडावर न बसता पोटावर सरकला असेल तर आतडी दुखावतात. म्हणून खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या मुळाशी. गरोदर बायकांनीही तसाच, पोटाच्या खालून; वरचा छातीच्या मधून.

पट्टा न लावलेल्याचा आधी गुडघा येतो. गुडघा समोर आपटतो, मांडीचं हाड मागे सरकतं आणि खुबा निखळतो. माणूस आयुष्यभर लंगडत "वाचलो नशिबाने" सांगतो. ही नशिबवानांची यादी.

डोक्याचं वेगळंच. कवटी शाबूत, बाहेर टेंगूळही नाही, आणि रुग्ण शुद्धीवर येत नाही. मेंदू खरवसासारखा असतो. सरळ ढकललेला सोसतो, गर्रकन फिरवलेला आतून पिळवटतो. ऑक्सफर्डच्या होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये जिलेटिनचा मेंदू करून हेच सांगितलं होतं.

ताई, अकरा महिन्यांच्या मुलीचं डोकं उंचीच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढं असतं आणि मान अजून कच्ची. म्हणून सीट मागे तोंड करून लावायची. झटका पाठीवर पसरतो, मान ओढली जात नाही. स्वीडनच्या बर्टिल आल्डमान यांना १९६० च्या दशकात ही कल्पना अंतराळवीरांच्या आसनावरून सुचली. आणि पुढच्या सीटवर, चालू फुग्यासमोर, उलट तोंडाची सीट कधीही नाही. मागेच.

बुलेटराव | दुपारी २:००

फुगा असल्यावर पट्टा कशाला, हे मला अजून कळलं नाही.

यंत्रवत | दुपारी २:१२

स्टिअरिंगवर एसआरएस लिहिलंय ना? त्यातला पहिला शब्द "पूरक" आहे. पट्ट्याला पूरक. फुगा ३०-४० हजारांश सेकंदात फुगतो आणि लगेच छिद्रांतून रिकामा व्हायला लागतो. पट्टा नसेल तर आपण वेळेआधीच, तो फुगत असतानाच त्याच्यावर जाऊन पडतो. ती भेट प्रेमाची नसते.

तीन बिंदूंचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी केला. त्याआधी ते विमानातून बाहेर फेकणारी आसनं करायचे. कंपनीने पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं. म्हणून तुमच्या गाडीतही तोच आहे.

ठेंगणी | दुपारी ३:३५

माझी उंची ४ फूट ११. स्टिअरिंग छातीला टेकेल एवढं पुढे सरकावं लागतं, नाहीतर क्लच पोचत नाही. सगळे पुतळे पुरुषाचे असतात हे खरं का?

गोष्टीवेल्हाळ | दुपारी ४:१०

बराच काळ जवळपास खरं होतं. १९७६ मध्ये जनरल मोटर्सने केलेला हायब्रिड थ्री हा पुतळा जगभर चालतो: १७५ सेंटिमीटर, ७८ किलो, पुरुष. बाईचा म्हणून जो असतो तो खूप लहान चणीचा आणि मुख्यतः पुरुषाचाच आकार कमी करून केलेला. सरासरी बाईच्या अंगकाठीचा, १६२ सेंटिमीटर आणि ६२ किलोचा पुतळा स्वीडनच्या आस्त्रिद लिंडर यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवला, तो मागून धडक बसण्याच्या चाचणीसाठी. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात समोरच्या धडकेत, पट्टा लावलेला असूनही, बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ७३ टक्के जास्त निघाली.

तुमच्यासाठी: छाती आणि चाकाचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर चार बोटं. सीट वर करा, पाठ किंचित मागे, चाक छातीकडे वळवा, तोंडाकडे नको.

ठेंगणी | दुपारी ४:२५

आत्ता खाली जाऊन मोजलं. एक वीत, वर एकही बोट नाही. वॉचमन विचारतोय, मॅडम स्टिअरिंगचं माप कशाला?

अण्णा_नौपाडा | संध्याकाळी ६:०५

सगळं वाचलं. खुब्याचं वाचून गुडघे जवळ घेतले. पण एक विचारतो. तुम्ही गाडीवाल्यांच्या बाळांची चर्चा करताय. तीन हात नाक्याला सकाळी उभे राहा. स्कूटरवर बाप, पुढे उभं पोरगं, मागे आई, मध्ये दप्तर. रिक्षात सहा शाळकरी मुलं. त्यांच्यासाठी कोणत्या विद्यापीठाने काय मोजलं?

हाडवैद्य | संध्याकाळी ६:४०

अण्णा, हा प्रश्न धाग्यातला सगळ्यात चांगला. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले ५०,०२९, पट्टा नसलेले १६,७१५. पट्टा नसलेल्यांत जवळपास निम्मे चालक नव्हेत, प्रवासी.

आपल्याकडे आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन हयातभर हेच सांगत राहिले, की गाडीबाहेरच्या माणसाचा विचार आधी करा. कोविडने २०२१ मध्ये गेले. मुलांच्या डोक्याला किती मार सोसतो यावरही त्यांचं १९७९ चं काम आहे, उंचावरून पडलेल्या मुलांच्या नोंदी घेऊन केलेलं. मुलांवर प्रयोग कोण करणार? जे घडून गेलं त्यातूनच शिकायचं.

९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला मोठ्या माणसाशी जोडणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ४० ची वेगमर्यादा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. अजून एकही पट्टा मी रस्त्यावर पाहिलेला नाही.

बुलेटराव | संध्याकाळी ७:०२

हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर, नितीन कंपनीपाशी पोलीस दिसला की डोक्यावर, पुढे गेला की हँडलला. माझं नाही, मित्राचं.

हाडवैद्य | संध्याकाळी ७:१५

मित्राला सांगा, आतलं थर्माकोल एकदाच चेपण्यासाठी असतं. एकदा आपटलं की ते हेल्मेट फेकायचं. आणि हनुवटीचा पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट तुमच्याआधी रस्त्यावर पोचतं.

चिवडा | संध्याकाळी ७:२०

बुलेटरावांच्या मित्राची तब्येत सांभाळा रे सगळे.

पामबीच | रात्री ८:४५

मागच्या पट्ट्याबद्दल राहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले तेव्हा पुढचे दोघे वाचले आणि मागचे दोघे गेले. नंतर महिनाभर सगळे मागे पट्टा लावत होते. आता विचारलं तर कॅबवाला हसतो, आणि बकल सीटच्या आत कुठेतरी गाडलेलं असतं. बीप बंद करायच्या क्लिपा विकत मिळायच्या. मे २०२३ मध्ये सरकारी आदेशाने ऑनलाइन दुकानांवरून १३,११८ नोंदी काढल्या. म्हणजे किती जणांना मरायची घाई होती बघा.

@कोलशेतकरीण, तुझं बकल बघून घे. सीट कव्हर नंतर बसवलं असेल तर नक्की आत दाबलेलं असणार. आणि सीटच्या कडेला फुगे असतील तर तसलं कव्हर नकोच, ते फुग्याची वाट अडवतं.

आईबाई | रात्री ९:३०

शास्त्र सगळ्यांनी सांगितलं, रडण्यावर कोणी बोललं नाही. आमच्याकडे दोन झाली, अनुभवाचे बोल: ती सीट आठवडाभर हॉलमध्ये ठेव. तिच्यात बसवून खिमट भरव, गाणी म्हण, बाहुलीला आधी पट्टा लाव. गाडीत पहिल्यांदा बिल्डिंगभोवती एकच फेरी. आणि सासूबाईंना शेजारी बसव, पुढे नाही. त्यांचं काम काढून घेऊ नकोस, बदलून दे.

कोलशेतकरीण | पुढचा रविवार, दुपारी १२:१५

सगळ्यांचे आभार. अहवाल देते.

सोमवारी नवऱ्याने मागची सीट उपसली. पामबीच, तू म्हणालीस तसंच होतं, कव्हरवाल्याने तिन्ही बकलं आत दाबून वरून शिवून टाकलेली. उलथन्याच्या दांड्याने बाहेर काढली. सोबत निघालं: दोन रुपयांचं नाणं, बिस्किटाचा चुरा, पार्किंगची पावती आणि लेकीचा बारशातला चांदीचा वाळा, जो हरवल्याचा आळ आठ महिने माझ्यावर होता.

आईंना मी शास्त्र सांगितलं नाही. सिमेंटच्या दोन गोणी उचलता येतील का, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "एक सुद्धा नाही. पण सरळ सांग ना, मी पडेन तिच्यावर." मला कळेना काय बोलावं.

काल निघालो. आईंनी पट्टा लावला, शेजारी बसल्या, आणि लेकीचं एक पाऊल मुठीत धरलं. ती रडली, कळव्यापर्यंत. विटाव्याला पुलाखाली पंधरा मिनिटं अडकलो तिथे झोपली. ऐरोलीपर्यंत आईही झोपल्या, मूठ तशीच.

आता नवीन प्रश्न. परतीच्या वाटेवर लेकीने सीटवर ओकारी काढली. कव्हर मशीनमध्ये धुतलं तर चालतं का?

आईबाई | दुपारी १२:४०

कव्हर चालतं, थंड पाण्यात. पट्टे मात्र भिजवू नकोस, ओल्या फडक्याने पूस. आणि काढायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढ, नाहीतर पट्टे परत कुठून ओवायचे ते कळत नाही. आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो होतो.

चिवडा | दुपारी १२:५२

वाळ्याचं पुढे काय झालं? आळ अधिकृतपणे मागे घेतला का?

कोलशेतकरीण | दुपारी १:०५

नाही. म्हणाल्या, "गाडीत तरी कोणी पाडला मग?"